परळीत पाणी नव्हतं तेव्हा धूमकेतू सेकंदाला ३०० लिटर पाणी उडवत होता! काय होती रोझेटा मोहीम?

परळी वैजनाथ : २०१५ सालचा पावसाळा परळीकर विसरलेले नाहीत. जुलै आला तरी पाणी नव्हतं आणि पाण्याअभावी आपलं थर्मल बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, कामगार होते. पण वाफ करायला आणि यंत्रं थंड ठेवायला पाणीच नाही, तर वीज होणार कशी? त्याआधी २०१३ च्या दुष्काळातही हीच वेळ आली होती.

नेमक्या त्याच दिवसांत, म्हणजे १३ ऑगस्ट २०१५ रोजी, पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर लांब एक काळाकुट्ट धूमकेतू सूर्याच्या सगळ्यात जवळ पोहोचला होता. उन्हानं तापून तो दर सेकंदाला जवळपास ३०० किलो पाण्याची वाफ अंतराळात उडवत होता. ३०० किलो म्हणजे ३०० लिटर पाणी. दिवसाचा हिशेब मांडला तर साधारण २ कोटी ६० लाख लिटर! दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजायचं झालं तर रोजचे अडीच हजारांहून जास्त टँकर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, ती आठवत असेल. पन्नास वाघिणींची ती गाडी एका खेपेला २५ लाख लिटर पाणी आणायची. तशा दहा गाड्या भरतील एवढं पाणी हा धूमकेतू रोज हवेत सोडत होता. हवेत म्हणजे, तिथं हवाही नाही म्हणा!

हे आकडे कुणी दुर्बिणीतून अंदाजानं काढलेले नाहीत. एक यान त्या धूमकेतूच्या शेजारी जाऊन राहिलं होतं, त्यानं ते मोजले. त्या यानाचं नाव रोझेटा. युरोपीय अंतराळ संस्थेची ही मोहीम. ती कशासाठी गेली, तिथं काय सापडलं आणि आपल्यासारख्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला त्यातून काय कळतं, ते बघूया.

धूमकेतू म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडं जुनी माणसं याला शेंडेनक्षत्र म्हणतात. ज्यांनी १९९७ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला हेल-बॉप धूमकेतू पाहिला असेल, त्यांना संध्याकाळच्या आकाशातला तो पांढरा पिसारा अजून आठवत असेल.

धूमकेतू हा तारा नाही. तो बर्फ, धूळ, खडे आणि गोठलेले वायू यांचा मिळून बनलेला गोळा आहे. आकार काही किलोमीटरचा, म्हणजे एखाद्या डोंगराएवढा. बहुतेक काळ तो सूर्यापासून फार लांब, कडाक्याच्या थंडीत फिरत असतो आणि कुणाला दिसत नाही. सूर्याजवळ आला की तापतो आणि त्यातला बर्फ उडायला लागतो.

आता बर्फ वितळून पाणी होतं हे आपल्याला माहीत आहे. पण तिथं हवेचा दाबच नाही. त्यामुळं बर्फ वितळत नाही, थेट वाफ होऊन जातो. देवघरातली कापराची वडी उघडी राहिली तर काय होतं? पाणी होत नाही, ओल दिसत नाही, वडी मात्र झिजत झिजत संपते. धूमकेतूचं तसंच आहे. ही वाफ उडताना सोबत धूळ घेऊन जाते आणि त्या वाफेची-धुळीची जी लांब पट्टी उन्हात चमकते ती धूमकेतूची शेपटी. तिथं आग नाही, जाळ नाही. शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते, कारण सूर्याचा प्रकाश आणि सूर्याकडून येणारे कण तिला मागं ढकलतात.

मग एवढ्या लांब जायचं कशाला?

आपली सूर्यमाला साधारण ४६० कोटी वर्षांपूर्वी तयार झाली. तेव्हाचं पृथ्वीवरचं काहीच जसंच्या तसं उरलेलं नाही. ज्वालामुखी झाले, समुद्र झाले, खडक झिजले. धूमकेतू मात्र थंडीत पडून राहिले. पूर्वी आपल्याकडं पेवात धान्य साठवायचे. बंद पेव कितीतरी वर्षांनी उघडलं तरी त्या काळी कोणतं धान्य पिकायचं ते कळतं. धूमकेतू हे सूर्यमालेचं न उघडलेलं पेव आहे.

आणि शास्त्रज्ञांसमोरचा सगळ्यात मोठा प्रश्न होता तो पाण्याचा. पृथ्वी तयार होताना ती फार तापलेली होती. मग एवढे समुद्र भरले कशानं? एक जुनं मत असं की सुरुवातीच्या काळात धूमकेतू पृथ्वीवर आदळत राहिले आणि त्यांच्यासोबत पाणी आलं. हे खरं का खोटं, ते ठरवायला धूमकेतूचं पाणी तपासायला हवं होतं. त्यासाठी जवळ जाणं भाग होतं.

आधी कोण कोण गेलं होतं?

१९८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा सोव्हिएत रशियाची दोन वेगा यानं, जपानची दोन यानं आणि युरोपचं जोत्तो यान त्याला भेटायला गेली. जोत्तो त्याच्या सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. धूमकेतूचा गाभा कसा दिसतो, हे माणसानं त्या वेळी पहिल्यांदा जवळून पाहिलं. २००५ मध्ये अमेरिकेच्या डीप इम्पॅक्ट यानानं टेम्पल-१ या धूमकेतूवर तांब्याचा जड गोळा आदळवला, आत काय आहे ते बघायला. २००६ मध्ये स्टारडस्ट यानानं वाइल्ड-२ या धूमकेतूची धूळ पृथ्वीवर आणली.

पण ही सगळी भेट धावती. एसटी स्टँडवर न थांबता बायपासनं जावी तशी. धूमकेतूसोबत राहून, सूर्याजवळ जाताना त्याच्यात काय बदल होतात ते बघण्याचं काम कुणी केलं नव्हतं. ते रोझेटानं केलं.

दहा वर्षांचा प्रवास

रोझेटाची सुरुवात अडथळ्यानंच झाली. यान २००३ च्या जानेवारीत सुटणार होतं, वेगळ्याच धूमकेतूकडं. पण त्याआधी डिसेंबर २००२ मध्ये त्याच जातीचं एक रॉकेट उड्डाणात फसलं. म्हणून रोझेटा थांबवावी लागली. तोवर तो धूमकेतू हातचा गेला. मग नवा शोधला : ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेंको. १९६९ मध्ये क्लिम चुर्युमोव्ह आणि स्वेतलाना गेरासिमेंको या दोघांनी तो शोधला होता, म्हणून हे लांबलचक नाव. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण साडेसहा वर्षं लागतात.

२ मार्च २००४ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधून रोझेटा सुटली. धूमकेतूचा वेग गाठेल एवढं इंधन कोणत्याच रॉकेटमध्ये मावत नाही. त्यावर उपाय म्हणजे गोफण. ज्वारी राखताना गोफण गरागरा फिरवून दगड सोडला की तो हातानं फेकल्यापेक्षा कितीतरी लांब जातो. ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाचा तसाच उपयोग करून घेतला. रोझेटानं तीन वेळा पृथ्वीजवळून आणि एकदा मंगळाजवळून जाऊन वेग वाढवला.

यान चालायचं ते सौर पॅनेलवर. दोन्ही पंख पसरले की ३२ मीटर लांबी. पण पुढं सूर्य इतका लांब गेला की वीज पुरेना. म्हणून जून २०११ मध्ये यानाला चक्क झोपवलं. ३१ महिने संपर्क नाही. २० जानेवारी २०१४ ला घड्याळाच्या गजरावर ते आपलं आपण उठणार होतं. ठरलेली वेळ टळत चालली आणि जर्मनीतल्या नियंत्रण कक्षात बसलेल्यांचा जीव टांगणीला लागला. अखेर सिग्नल आला तेव्हा आपल्याकडं रात्रीचे पावणेबारा वाजून गेले होते. ६ ऑगस्ट २०१४ ला रोझेटा धूमकेतूपाशी पोहोचली. एकूण प्रवास सुमारे ६४० कोटी किलोमीटर.

कोळशासारखा काळा!

जवळून बघितल्यावर शास्त्रज्ञांनाही नवल वाटलं. गोळा गोल नव्हताच. दोन गोळे मानेनं जोडलेले, पाण्यात बसलेल्या बदकासारखा आकार. मोठा भाग चार किलोमीटरच्या आसपास, लहान भाग अडीचच्या आसपास.

आणि रंग? बर्फाचा गोळा म्हणजे पांढराशुभ्र असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो कोळशाएवढा काळा निघाला. शंभर भाग ऊन पडलं तर फक्त सहा भाग परत फेकतो. परळीच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. रेल्वेच्या वाघिणीतला कोळसा आणि राखेवरून उडणारी बारीक भुकटी आपण रोज बघतो. धूमकेतूवर बर्फावर असाच काळ्या धुळीचा थर बसलेला आहे, त्यात कार्बनची संयुगं भरपूर. बर्फ आहे तो खाली आणि आत.

वजनानं तो हलका. पाण्याच्या जवळपास निम्मी घनता, म्हणजे पाण्यात टाकला तर तरंगेल. आत पोकळी फार. तिथल्या वायूंचा वासही यंत्रांनी ओळखला : सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड आणि गोठ्यात नाकाला झोंबतो तो अमोनिया.

फिले उतरलं, उडालं आणि सावलीत अडकलं

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी रोझेटानं फिले नावाचं छोटं यान धूमकेतूवर सोडलं. धूमकेतूवर अलगद उतरण्याचा माणसाचा हा पहिलाच प्रयत्न. फिलेचं वजन पृथ्वीवर साधारण एक क्विंटल. पण धूमकेतूचं गुरुत्वाकर्षण इतकं कमी की तिथं ते एक ग्रॅमएवढंच भरणार. मोंढ्यातलं सोयाबीनचं भरलेलं कट्टं तिथं एका बोटानं उडवता आलं असतं!

उतरल्यावर उडू नये म्हणून फिलेला भाल्यासारखे दोन हार्पून बसवले होते. ते सुटलेच नाहीत. वरून खाली दाबणारं छोटं इंजिनही चाललं नाही. फिले टेकलं आणि चेंडूसारखं उसळलं. जवळपास दोन तास ते वर तरंगत राहिलं आणि शेवटी एका कड्याच्या सावलीत जाऊन पडलं. तिथं पॅनेलवर ऊन पुरेना. बॅटरीवर साधारण अडीच दिवस त्यानं काम केलं, फोटो आणि मोजमापं पाठवली आणि ते बंद पडलं. २०१५ च्या जून-जुलैत मध्येच थोडा संपर्क झाला, तेवढाच. ते नेमकं कुठं पडलंय हे सप्टेंबर २०१६ मध्ये रोझेटाच्या फोटोत सापडलं : एक पाय वर करून, दगडांच्या फटीत.

३० सप्टेंबर २०१६ ला रोझेटालाही हळूच धूमकेतूवर उतरवून मोहीम संपवली. धूमकेतू परत सूर्यापासून लांब चालला होता, वीज कमी पडत होती. जाता जाता अगदी जवळून फोटो मिळावेत म्हणून हा निर्णय.

पाण्याचा निकाल काय लागला?

आता मूळ मुद्दा. पाणी कुठलं आहे ते ओळखायचं कसं? आपण गावातलं विहिरीचं पाणी आणि बोअरचं पाणी चवीवरून सांगतो. शास्त्रज्ञ त्यातल्या हायड्रोजनवरून सांगतात. पाण्यात दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन. त्या हायड्रोजनमध्ये काही अणू जड असतात, त्यांना ड्युटेरियम म्हणतात. आपल्या समुद्राच्या पाण्यात दहा हजार हायड्रोजन अणूंमागं साधारण दीड अणू जड. पाणी कुठं, किती थंडीत तयार झालं त्यानुसार हे प्रमाण बदलतं. म्हणजे हा पाण्याचा सातबाराच म्हणा.

रोझेटावरच्या रोझिना या उपकरणानं धूमकेतूची वाफ तपासली. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या काथरिन आल्टवेग यांच्या नेतृत्वाखालच्या गटानं डिसेंबर २०१४ मध्ये निकाल मांडला : दहा हजारांमागं पाचाहून जास्त. आपल्या समुद्राच्या तिपटीहून अधिक! सातबारा जुळला नाही. त्यामुळं पृथ्वीचं पाणी अशा धूमकेतूंकडून आलेलं नसावं, त्यापेक्षा लघुग्रहांचा वाटा मोठा असावा, असं मत बळावलं. दुसरीकडं २०११ मध्ये हार्टली-२ या धूमकेतूचं पाणी हर्शेल दुर्बिणीनं तपासलं होतं, ते समुद्राशी चांगलं जुळलं होतं. म्हणजे सगळे धूमकेतू एकाच वाणाचे नाहीत.

गोष्ट इथं संपली नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नासाच्या कॅथलीन मँट आणि सहकाऱ्यांनी रोझेटाची सोळा हजारांहून जास्त मोजमापं पुन्हा तपासली. त्यांना दिसलं की धूमकेतूच्या धुळीच्या कणांना जड पाणी जास्त चिकटतं. यान गाभ्याजवळ, धुळीत असताना घेतलेलं माप त्यामुळं फुगतं. धूळ सुकल्यावर, गाभ्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब, माप घेतलं तर आकडा खाली येतो आणि पृथ्वीच्या पाण्याच्या बराच जवळ जातो. म्हणजे धूमकेतूंवरचा दावा अजून निकाली निघालेला नाही.

काहींना वाटेल, शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरं. पण यात लपवाछपवी नाही. मोजमापं सगळ्यांसाठी खुली ठेवली, दहा वर्षांनी दुसऱ्यांनी तीच तपासली आणि चूक कुठं होऊ शकते ते दाखवलं. मोजणी शंकास्पद वाटली तर आपण पुन्हा मोजणी मागतोच की!

याच मोहिमेत धूमकेतूवर ग्लायसिन सापडलं. प्रथिनं ज्या घटकांपासून बनतात त्यातला हा एक घटक. फॉस्फरसही सापडला. म्हणजे जीव बनायला लागणारा कच्चा माल तिथं आहे. जीव मात्र सापडलेला नाही.

महाराष्ट्राचा संबंध काय?

धूमकेतूंमधून जीवसृष्टीची बीजं आली असतील का, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर लावून धरला त्यात कोल्हापूरला जन्मलेले आणि पुण्याची आयुका उभी करणारे डॉ. जयंत नारळीकर होते. त्यांच्या पुढाकारानं हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा गोळा केली गेली. २००५ मधल्या उड्डाणातले नमुने हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी तपासले. त्यात तीन नव्या जातींचे जिवाणू मिळाले. ते अंतराळातून आले असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही, आणि तसं स्पष्ट सांगितलंही गेलं. नारळीकरांची ‘धूमकेतू’ नावाची मराठी कथाही अनेकांनी वाचली असेल. २० मे २०२५ रोजी त्यांचं पुण्यात निधन झालं.

आपल्या मंगळयानाचाही धूमकेतूशी सामना झालेला आहे. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी सायडिंग स्प्रिंग धूमकेतू मंगळापासून सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटरवरून गेला. त्याच्या धुळीपासून वाचायला इस्रोनं यान त्या वेळी मंगळाच्या आड राहील अशी तजवीज केली होती. यान सुखरूप राहिलं.

धूमकेतू दिसला की वाईट होतं का?

नाही. १९१० मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात होता. त्या काळी युरोप-अमेरिकेतली शिकलेली माणसंही शेपटीतल्या विषारी वायूला घाबरली होती. त्यावरच्या गोळ्याही विकल्या गेल्या. पृथ्वी शेपटीजवळून गेली आणि काही झालं नाही, कारण शेपटी इतकी विरळ असते की तिचा परिणाम होण्याचा प्रश्नच नाही. दुष्काळ, रोगराई, सत्ताबदल धूमकेतू नसतानाही होतातच. कुणी धूमकेतूची शांती करायची म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

आपल्याला काय मिळालं?

मोहिमेचा खर्च साधारण १४० कोटी युरो, त्या वेळच्या भावानं दहा हजार कोटी रुपयांच्या पुढं. इथं हंडाभर पाण्यासाठी बाया मैलभर चालतात आणि तिकडं एवढे पैसे, असं कुणी म्हटलं तर त्यात चूक नाही. रोझेटानं परळीला एक थेंब पाणी आणलेलं नाही, आणणारही नव्हती. पण तिनं एक गोष्ट नीट मोजून दाखवली. आपल्या विहिरीतलं, गोदावरीतलं, टँकरमधलं पाणी अब्जावधी वर्षांपूर्वीचं आहे, आणि धूमकेतूनं आणलं असो वा लघुग्रहानं, तेव्हा जे आलं तेच आजही फिरतंय. त्यात नवी भर पडत नाही म्हटलं तरी चालेल. पावसाळ्यात पडतं ते नवं पाणी नसतं. समुद्राचं, जमिनीचं, झाडांचं पाणीच फिरून येतं. बोअर हजार फूट नेला म्हणून खाली नवं पाणी तयार होत नाही.

आकाशात बघायचं असेल तर

धूमकेतू बहुधा सूर्य मावळल्यावर पश्चिमेला किंवा उजाडायच्या आधी पूर्वेला दिसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू असाच संध्याकाळी दिसला होता. शहरापासून आणि थर्मलच्या दिव्यांपासून लांब, बालाघाटाच्या डोंगरावर किंवा शेतात जा. पंधरा-वीस मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मोबाईल खिशातच ठेवा. साधी दुर्बीण असली तरी भागतं. पहाटे अंधारात फडावर जाणाऱ्या ऊसतोड कामगारांना ही संधी शहरातल्या माणसापेक्षा जास्त मिळते. सूर्य वर असताना मात्र दुर्बीण सूर्याकडं कधीच धरू नका, डोळे जातील.

पुढची मोठी मोहीम युरोप आणि जपानची ‘कॉमेट इंटरसेप्टर’. या दशकाच्या अखेरीस ती सुटायची आहे. ती अंतराळात थांबून वाट बघेल आणि सूर्याकडं पहिल्यांदाच येणारा एखादा धूमकेतू गाठायचा प्रयत्न करेल. हॅलेचा धूमकेतू परत येणार २०६१ मध्ये. आज शाळेत असलेली पोरं तो बघतील.

आणि ६७पी? तो एप्रिल २०२८ मध्ये पुन्हा सूर्याजवळ येतोय. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, मोठी दुर्बीण लागेल. रोझेटा आणि फिले दोघंही त्याच्या पाठीवर आहेत. आपल्याकडं तेव्हा टँकरचे दिवस असतील, आणि तिकडं तो पुन्हा सेकंदाला शेकडो लिटर पाणी उडवत जाईल.